ट्रेलर ओढायचा म्हणून मोठी गाडी हवीच का?

प्रश्न : आमच्या कुटुंबाकडे एक कॅरॅव्हॅन (गाडीमागे जोडून ओढायचे, चाकांवरचे फिरते घर) असून सामान भरल्यावर तिचे वजन 1,400 किलो होते. वर्षातून साधारण वीस दिवस आम्ही ती घेऊन बाहेर पडतो. सध्याची आमची डिझेल गाडी पुढच्या चाकांवर चालणारी आहे आणि तिचे स्वतःचे वजन 1,700 किलो आहे. ओढायचे असेल तर मोठी फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) गाडीच घ्यायला हवी, असे माझ्या भावाचे ठाम मत आहे. वीस दिवसांसाठी वर्षभर असले धूड रस्त्यावर फिरवणे हा इतरांवर अन्याय आहे, असे माझी मुलगी म्हणते. कोणाचे ऐकावे?

उत्तर : वजन आणि दिवस हे दोन्ही आपण आकड्यांत सांगितलेत, हे फार चांगले केलेत, कारण हा वाद बहुतेक ठिकाणी या दोन आकड्यांवाचूनच घातला जातो. आपल्या बाबतीत मी आपल्या मुलीच्या बाजूने आहे.

कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या ब्रिटिश मंडळींमध्ये एक जुना संकेत आहे : नवख्या चालकाने ओढायचे वजन रिकाम्या गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवावे. हा कायदा नाही, अनुभवातून आलेला सल्ला आहे. 1,700 किलोंचे 85 टक्के म्हणजे 1,445 किलो, आणि आपली कॅरॅव्हॅन त्याच्या आत बसते. तरीही गाडीच्या पुस्तिकेत उत्पादकाने दिलेली ओढण्याची कमाल मर्यादा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण दोहोंपैकी जो आकडा लहान असेल तोच पाळायचा असतो. शिवाय ब्रेक असलेल्या आणि ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी या मर्यादा वेगवेगळ्या असतात. युरोपात तर 750 किलोंहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे सक्तीचे आहे.

आता फोर-व्हील ड्राइव्हविषयी. इथे भावाची, आणि त्यांच्यासारख्या पुष्कळ जणांची, एक गल्लत होते. चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून गाडी जास्त वजन ओढू शकते असे नाही. किती ओढता येईल हे इंजिन, गिअर, ब्रेक, इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था, मागचे सस्पेन्शन आणि गाडीचा सांगाडा यांवर ठरते. चारही चाकांचा उपयोग होतो तो जमिनीवर पकड मिळवण्यासाठी. ओले गवत, चिखल, बोट पाण्यात उतरवण्याचा शेवाळलेला उतार, अशा ठिकाणी तो फरक अगदी डोळ्यांना दिसतो, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला तर तिथे विशेष त्रास होतो. कारण ट्रेलरचा भार मागच्या टोकावर पडला की पुढची चाके हलकी होतात आणि चढावर जागच्या जागी फिरू लागतात. डांबरी रस्त्यावर मात्र ही अडचण क्वचितच येते. थांबण्याच्या बाबतीत तर फोर-व्हील ड्राइव्हचा काहीच फायदा नाही, कारण ब्रेक प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात. ट्रेलर जोडून उतार उतरताना खरी परीक्षा ब्रेकचीच होते : 10 टक्के उतारावर आपली 1,400 किलोंची कॅरॅव्हॅन सुमारे 140 किलो भाराच्या जोराने गाडीला पुढे ढकलत असते, आणि तो जोर खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या आधाराने पेलायचा असतो.

मोठ्या गाड्यांच्या जाहिरातीत ओढण्याच्या क्षमतेचा 3,500 किलोंचा आकडा ठळकपणे छापलेला असतो, त्यानेही दिशाभूल होऊ देऊ नये. गाडी आणि ट्रेलर मिळून एकत्रित वजनाची एक वेगळी मर्यादा असते. ती समजा 6,000 किलो आहे आणि माणसे व सामान भरून गाडीच 3,000 किलोंची झाली, तर मागे 3,000 किलोच उरतात. शिवाय ट्रेलरचा जो भार हुकवर पडतो, तो गाडीतल्या सामानातच मोजावा लागतो.

मोठी गाडी ज्यांना खरोखर लागते, असे लोक आहेतच, आणि त्यांना सरसकट दोष देणे मला मुळीच पटत नाही. दोन घोड्यांचा ट्रेलर भरल्यावर सहज 2,000 किलोंच्या आसपास जातो, आणि तो भार जिवंत असतो, वळणावर पाय बदलतो. शेतातून जनावरे नेणारा, आठवड्यातून तीनदा यंत्रसामग्री ओढणारा, यांच्यासाठी जड आणि भक्कम गाडी हे कामाचे अवजार आहे. लँड रोव्हर 1948 मध्ये आली तीही प्रामुख्याने शेतकऱ्यांसाठीच.

पण आपल्या वीस दिवसांनंतर 345 दिवस उरतात. त्या दिवसांत तीच गाडी शाळेच्या दारात, अरुंद गल्लीत, पादचाऱ्यांच्या गर्दीत असणार. अमेरिकेतील ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’ या संस्थेने 2023 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, ज्यांच्या बोनेटची उंची 40 इंचांहून अधिक आहे अशा वाहनांच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता, 30 इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बोनेटच्या वाहनांच्या तुलनेत सुमारे 45 टक्क्यांनी अधिक असते. आपली मुलगी ‘अन्याय’ हा शब्द वापरते तेव्हा तिच्या मनात बहुधा हेच असावे, आणि तो शब्द मला जास्त कठोर वाटत नाही. मुक्काम नेहमी चिखलाच्या मैदानावर असेल, तर तेवढ्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने घ्यावी. मात्र ट्रेलर ओढण्याची परवानगी भाडेकरारात आणि विम्यात आहे, याची आधीच लेखी खात्री करून घ्यावी.

प्रश्न : वेग वाढला की आमचा ट्रेलर मागे साप चालावा तसा डुलू लागतो. अधिक जड गाडी घेतल्यास हे थांबेल का?

उत्तर : जड आणि लांब चाकतळाची (पुढच्या व मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) गाडी डुलणे सहन करते, परंतु डुलण्याचे मूळ बहुतेक वेळा ट्रेलरच्या भरणीत असते. जड सामान मागच्या टोकाला ठेवले की हुकवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर डुलू लागतो. जड वस्तू तळाशी, चाकांच्या आसाजवळ ठेवाव्यात आणि हुकवरचा भार, युरोपातील प्रघातानुसार, भरलेल्या वजनाच्या 5 ते 7 टक्के राखावा. अमेरिकेत तो 10 ते 15 टक्के धरतात, म्हणून आपल्या ट्रेलरच्या उत्पादकाचा आकडाच प्रमाण मानावा. डुलणे सुरू झालेच तर स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढावा. जोरात ब्रेक दाबू नये आणि वेग वाढवून ट्रेलर सरळ करण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. गाडी बदलण्याचा विचार करण्यापूर्वी एकदा ट्रेलर पूर्ण भरून वजनकाट्यावर न्यावा, हुकवरचा भार स्वतंत्र मोजावा आणि ट्रेलरच्या टायरमधील हवा तपासावी.