पिकअप खाली बसवायचीय, पण वळणावर बिघडायला नको

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी सगळी पत्रं गाडी खाली बसवण्याबद्दलचीच आली, म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : सर, माझ्याकडे जुनी पिकअप आहे, फक्त मागची चाकं ओढणारी. पुढे टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई), मागे कमानपाटे (पट्ट्यांची स्प्रिंग). उंच दिसते आणि वळणावर डुलते. दोन-तीन इंच खाली घ्यायचीय पण रेडिमेड किटचा खर्च झेपणारा नाही. एक मित्र म्हणतो मागच्या कमानीतले दोन पाटे काढ आणि पुढचा बोल्ट सैल कर, फुकटात काम होतं. दुसरा म्हणतो पाटे गॅसने तापव म्हणजे आपोआप बसतील. हौद्यात कधीतरीच माल असतो. काय करू?

उत्तर : आधी तो गॅस लांब ठेवा. पाट्याला कारखान्यात जे पाणी दिलेलं असतं ते गॅसच्या ज्वाळेत उतरतं, मग पाटा आज दोन इंच बसतो, महिन्याभराने अजून बसतो, आणि कधी मोडेल याचा काही भरवसा राहत नाही. कॉइल स्प्रिंगवाल्यांनाही हेच सांगतो.

पाटे काढायचा सल्लाही मला पटत नाही. गाडी बसते हे खरं, पण कमान मऊ होते, आणि कमानीला फक्त वजन पेलायचं नसतं, हाउसिंग (मागच्या दोन चाकांमधल्या ॲक्सलचं आवरण) जागेवर धरून ठेवायचं कामही तिचंच असतं. पाटे कमी झाले की जोरात ॲक्सिलरेटर दाबताना किंवा ब्रेक मारताना कमान पीळ खाते, हाउसिंग पुढेमागे झुलतं आणि मागची चाकं उड्या मारायला लागतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप तीच हातातून जाते.

मागे खाली घ्यायचा स्वस्त आणि सरळ मार्ग म्हणजे ब्लॉक (धातूचा ठोकळा), पण आधी गाडीखाली वाकून बघा की कमान हाउसिंगच्या वर आहे का खाली. कमान हाउसिंगच्या खाली असेल तर दोघांच्या मधे दोन इंचाचा ब्लॉक टाकला की गाडी दोन इंच खाली येते. कमान वर असेल तर तोच ब्लॉक गाडी उलट उचलतो, तिथे शॅकल आणि हँगर (कमानीची टोकं चॅसीला जोडणारे तुकडे) बदलावे लागतात किंवा हाउसिंग कमानीच्या वर घ्यावं लागतं. त्यात गाडी एकदम पाच-सहा इंच बसते, चॅसीला खाच पाडावी लागते, ते तुमच्या बजेटमधलं काम नाही. ब्लॉकवर ब्लॉक चढवू नका, एकच अखंड ब्लॉक, पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं त्याच्या भोकात नीट बसलेलं, आणि कमान हाउसिंगला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेलेले असतात, ते परत तसे धरत नाहीत. शंभरेक किलोमीटर चालवून परत एकदा टाइट करा, हे बरेच जण विसरतात.

आता पुढचं. टॉर्शन बारवाल्या गाडीला हे खरंच फुकटात होतं, तुमचा मित्र तेवढ्यापुरतं बरोबर बोलतोय. जॅक लावून चाकं मोकळी करा, बारचा ताण कमीजास्त करणाऱ्या ॲडजस्टिंग बोल्टचे किती धागे बाहेर आहेत ते मोजून लिहून ठेवा म्हणजे परत फिरायची वाट राहते, मग दोन्ही बाजूंना सारखेच आटे सैल करा. उंची जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने फरक पडतो, चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. प्रत्येक वेळी गाडी थोडी मागेपुढे चालवून बसू द्या आणि मगच मापं घ्या, जॅकवरून उतरवल्याबरोबर घेतलेलं माप हमखास चुकतं.

पण किती खाली? खाली म्हणजे आपोआप चांगली असं धरून बरेच जण चालतात आणि तिथेच फसतात. पुढचा लोअर आर्म (चाक चॅसीला जोडणारा खालचा दांडा) साधारण आडवा आहे तोवर ठीक, पण गाडी बसवत गेलात की आर्मचं चाकाकडचं टोक चॅसीकडच्या टोकापेक्षा वर जातं. मग ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो गाडीच्या वजनापेक्षाही भराभर खाली सरकतो, आणि गाडी दिसायला बसकी पण वळणावर पहिल्यापेक्षा जास्त झुकते असं होतं. त्यातच स्टीअरिंगकडून चाकाला जोडणाऱ्या टाय रॉडचा कोन बिघडला की खड्ड्यात चाक गेलं तरी स्टीअरिंग आपोआप वळतं. म्हणून टॉर्शन बारवर पुढे दीड, फार तर दोन इंच, त्यापुढे मी जाणार नाही. त्याहून खाली हवी असेल तर ड्रॉप नकल लावतात, त्यात चाकाचा स्पिंडलच (चाक ज्यावर फिरतं तो दांडा) वर सरकवलेला असतो, आर्मचे कोन जसेच्या तसे राहतात, तो खरा चांगला उपाय, पैसे साठवून नंतर करा.

रबर स्टॉपरही बघा, म्हणजे हाउसिंग चॅसीला आपटू नये म्हणून लावलेला रबराचा ठोकळा. मागे स्टॉपर आणि हाउसिंगमधे तीन इंच जागा असेल आणि तुम्ही दोन इंच बसवली तर उरली एक. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग थोडा उंच असतो तो मुद्दाम, माल भरला की सपाट यावा म्हणून. तो उंचवटा पूर्ण खाल्लात तर माल भरल्यावर गाडी स्प्रिंगवर चालत नाही, स्टॉपरवर आपटत चालते, आणि आपटली त्या क्षणी त्या चाकाची पकड सुटते. स्टॉपर थोडा आखूड करून चालतं, काढून टाकणं अजिबात नको. शॉकअपचंही तेच, जुन्या लांबीचा शॉकअप आतल्या आत बुडाला टेकायला लागला तर आखूड घ्यायचा.

आता एक गोष्ट जी मला अगदी कळकळीने सांगायचीय. पुढच्या आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबत असताना आवळू नका. बुशचं (आर्मच्या बिजागरीतल्या रबरी नळकांड्याचं) रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते घसरत नाही, फक्त पिळतं. चाकं लोंबताना आवळलं की गाडी जमिनीवर आल्याबरोबर रबर कायमचं पीळ खाऊन बसतं. माझ्या एका ओळखीच्याच्या गाडीत असं झालेलं मी हाताने उघडून पाहिलंय, रबर एका बाजूने नखाएवढ्या तुकड्यांत फाटलेलं आणि आतली नळी उघडी पडलेली, काही महिन्यांतच. गाडी उंची बदलल्यापासून पिळलेल्या बुशवरच उभी होती, त्यामुळे ती खरी किती बसलीय हेसुद्धा त्याला कळलं नव्हतं. तसं तर तुम्ही नुसती उंची बदललीत आणि बोल्टला हातही लावला नाहीत तरी बुश पिळतातच, म्हणून शेवटी गाडी चाकांवर उभी करून बोल्ट सैल करा, गाडी दोन-तीनदा दाबून हलवा आणि मग आवळा. याला एक पैसा लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर माझा क्रम असा. झिजलेले बुश आणि बॉल जॉइंट (आर्म आणि चाकामधला गोल सांधा) आधी, मग शॉकअप, मग ब्लॉक आणि यू-बोल्ट, आणि अलाइनमेंटचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवलेले. खाली बसवल्यावर टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) हमखास हलतो, आणि टो चुकला की टायर आतून खाल्ला जातो. तुमची गाडी वळणावर डुलते म्हणता ना, मला तर वाटतं उंचीपेक्षा शॉकअप गेलेले असतील, ते आधी तपासा, कदाचित दीड इंचातच तुमचं समाधान होईल.

प्रश्न : मागे तीन इंच बसवली. तेव्हापासून ओल्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक मारला की मागची चाकं लॉक होऊन गाडी तिरकी होते. ब्रेक शू नवे आहेत. कारण काय?

उत्तर : हे दुरुस्त होईपर्यंत गाडी जोरात चालवू नका, कृपया. हाउसिंगच्या वर चॅसीला एक छोटा ब्रेक व्हॉल्व्ह आहे का बघा, त्याच्यातून एक काडी खाली हाउसिंगपर्यंत आलेली असते. माल भरला की चॅसी हाउसिंगच्या जवळ येते, काडी ढकलली जाते, आणि व्हॉल्व्हला कळतं की मागे वजन आहे, मग तो मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. तुम्ही गाडी तीन इंच खाली आणलीत म्हणजे त्या व्हॉल्व्हच्या दृष्टीने गाडी कायमचीच भरलेली आहे. हौदा रिकामा, मागे वजन नाही, आणि प्रेशर मात्र भरलेल्या गाडीचं, चाकं लॉक होणारच. काडीचं खालचं ब्रॅकेट तेवढंच सरकवून काडी पहिल्या कोनात आणायची असते, आणि नंतर जाणत्या मेकॅनिककडून प्रेशर गेज लावून तपासून घ्यायचं. अंदाजावर सोडू नका. ब्लॉकवाल्या सगळ्यांनीच आपल्या गाडीला ही काडी आहे का ते आधी बघा. आणि हेडलाइटही परत लावून घ्या, मागे जास्त बसवली की पुढचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो.

प्रश्न : मागचे फक्त शॅकल बदलले, आता एका ठरावीक स्पीडला खालून थरथर येते. चाकं बॅलन्स केली, फरक नाही.

उत्तर : कमानीचं एकच टोक हललं की कमान तिरकी होते आणि तिच्याबरोबर हाउसिंगही फिरतं, म्हणजे डिफरन्शियलचं (हाउसिंगच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचं) नाक वर किंवा खाली. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे ताकद नेणारा दांडा) एकाच तुकड्याचा असेल तर गिअरबॉक्सच्या शाफ्टची रेघ आणि डिफरन्शियलच्या नाकाची रेघ जवळपास समांतर हवी, म्हणजे एका क्रॉसची (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याची) चढउतार दुसरा क्रॉस खाऊन टाकतो. कमानीवाल्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की नाक वर उठतं, म्हणून उभ्या गाडीत ते एखाद-दोन डिग्री खाली ठेवतात. गाडी चाकांवर उभी करून कोन मोजा, फोनमधलं मोजमापसुद्धा चालेल, आणि कमान आणि हाउसिंगच्या मधे तेवढ्या डिग्रीची पाचर टाका. दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या बेअरिंगची उंचीही बघावी लागेल.

प्रश्न : नुसते लहान टायर टाकले तर?

उत्तर : येईल खाली, टायरच्या उंचीत जेवढा फरक त्याच्या निम्मी. आर्म, कमान, ब्रेक व्हॉल्व्हची काडी, कशालाच धक्का लागत नाही हा मोठा फायदा, पण हाउसिंगही तेवढंच खाली येतं आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. टायरच्या बाजूवर लिहिलेला वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको, पिकअप आहे, कधीतरी माल भरणारच तुम्ही.