बदकं मरेनात!

प्रश्न : जुळे सोलापुरातल्या नव्या घरात सामान हलवताना आईच्या लोखंडी पेटीत आमचा लहानपणीचा टीव्ही गेम सापडला. दोन रिमोट, एक बंदूक, सहा पिवळ्या कॅसेटी. लावला तर चक्क चालू झाला. मारिओ पळतो, उड्या मारतो. पण बंदुकीनं एकही बदक मरत नाही. नळी एलईडी टीव्हीला टेकवून मारलं तरी नाही. भाऊ म्हणतो, ताई, असल्या गेमला अमेरिकेत कोटी-कोटी मिळतात, विकून टाकू. मिस्टर म्हणतात, चायना माल आहे, भंगारात दे. कुणाचं ऐकू?

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका. आधी बदकांचं बघू.

तुमची बंदूक काही सोडत नाही, ती नुसती बघते. तिच्या नळीत उजेड ओळखणारा एक बारका भाग असतो. घोडा दाबला की गेम पडदा क्षणभर काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. आधी अंधार आणि नेमक्या वेळेला उजेड असं बंदुकीला दिसलं, तर बदक मेलं. आपल्याकडच्या टीव्हीवर हा हिशोब सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याचा. पिक्चर ट्यूबच्या डबडा टीव्हीत सिग्नल आला की तिथल्या तिथं पडद्यावर उमटतो. एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी आत घेतो, ताणून मोठं करतो, पुसून-बिसून साफ करतो आणि मग दाखवतो. तोवर बंदूक बघून मोकळी झालेली असते. तुमचा नेम चुकत नाहीये.

जुन्या बाजारात 14 किंवा 21 इंची डबडा टीव्ही चालू स्थितीत मिळाला तर घ्या, बदकं पटापट पडतील. फक्त मागचं झाकण उघडू नका. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हाय व्होल्टेज साठून राहतं. बावीस वर्षं टीव्ही दुरुस्त करूनही मी दोनदा भिंतीवर आपटलोय.

आणखी एक. अ‍ॅडॅप्टर जुनाच ठेवा, तो गेला तर मिस्त्रीकडून मीटर लावूनच दुसरा घ्या. तुमचा सेट ज्याची नक्कल आहे त्या जपानी मूळ यंत्रात पिनेच्या आत मायनस आणि बाहेर प्लस असतं, आणि कॉपी करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तेच ठेवलं. घरातले बाकीचे बहुतेक अ‍ॅडॅप्टर याच्या बरोबर उलटे. पिन बसते म्हणून मी एकदा वायफाय राउटरचा लावला. वास अजून नाकात आहे.

आता कोटींचं. भावानं वाचलंय ते खोटं नाही. 2021 च्या जुलैत अमेरिकेत एका लिलावात ‘सुपर मारिओ 64’ ची एक कॅसेट 15 लाख 60 हजार डॉलरला गेली. पण ती कंपनीतून निघाली तशी सीलबंद होती, म्हणजे तिच्यावर कधी कुणी खेळलंच नव्हतं. तुमच्या कॅसेटवर भावानं बॉलपेननं नाव कोरलं असणार, पैज लावतो. मंगळवार बाजारात मी असा सेट दीडशे रुपयांना उचललाय, तोही घासाघीस न करता.

मिस्टरांच्या ‘चायना माल’बद्दल मात्र मला भांडायचंय. मूळ यंत्र निन्टेंडो या जपानी कंपनीचं, नाव फॅमिकॉम. 15 जुलै 1983 ला जपानात आलं. मासायुकी उएमुरा या इंजिनिअरच्या हाताखाली ते तयार झालं. कामाची मेमरी फक्त 2 केबी. आज मोबाइलवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. हुबेहूब नकला पुढं जगभर निघाल्या आणि त्यातलीच एक तुमच्या पेटीत आहे. असली माल भारतात येतच नव्हता असं नाही. सेगा या दुसऱ्या जपानी गेम कंपनीचा संच 1995 मध्ये शॉ वॉलेसनं आणला. होय, तीच दारूवाली कंपनी! आयातशुल्क 80 टक्के आणि किंमत 18,000 रुपये. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. वर्षभराचा पगार न खाता-पिता साठवला असता, तर कदाचित आला असता.

आमचा सेट गड्ड्याच्या जत्रेतून आला. त्याआधी गल्लीत एक जण भाड्यानं द्यायचा, तासाला पाच रुपये, आणि लाइट गेली तरी तास चालूच. कॅसेटवर 9999999 गेम असं छापलेलं. आम्ही दोघं भाऊ अख्खी सुट्टी ते मोजत बसलो. तेच पंधरा-वीस गेम, कधी दुसऱ्या लेव्हलपासून तर कधी तिसऱ्या. फसवलं म्हणून रडलो नाही, त्यातही मजा वाटली. जपान-अमेरिकेतले संग्राहक निन्टेंडोचे असली डबे जिवापाड जपतात, जपू देत. सोलापूरच्या घराघरात खेळला गेला तो हा नकली. तो आपण भंगारात घातला तर जपणार कोण? खोक्यासकट ठेवा.

प्रश्न : कॅसेट फुंकून लावली की चालते. पण फुंकणं चुकीचं आहे असं मुलगा म्हणतो. खरं काय?

उत्तर : मुलाचं खरं आहे. फुंकरीबरोबर तोंडातला ओलावा पिनांवर बसतो आणि त्या हळूहळू काळ्या पडतात. फुंकू नका असं खुद्द निन्टेंडोनंही सांगितलेलं आहे. मग चालते कशी? फुंकायला तुम्ही कॅसेट काढून परत बसवता, त्यात पिना एकमेकींवर घासल्या जातात. काम घासण्याचं, नाव फुंकरीचं.

कानात घालायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा. काडी काळी यायची थांबली की झालं. पुरतं वाळू द्या आणि मग लावा.

आपल्या गावात पिनांच्या आधी दुसरंच काहीतरी निघतं. परवा पूर्व भागातून एक काका कॅसेट घेऊन आले. “लागंना झालंय बघा, आयसी गेली काय की.” उघडली. आयसी धडधाकट. पिनांच्या फटीत तूस दाबून बसलेलं, नमद्यासारखं घट्ट. चिमट्यानं ओढलं तर एक अख्खी वात निघाली. खाली निळं, मध्ये तांबडं आणि वर पांढरं. काकांनी ती चष्म्याजवळ धरली आणि म्हणाले, “मागावर निळी चादर लावली होती तवा घेतलेला ह्यो गेम. तांबडी नंतरची.” कॅसेट चालू झाली, पण तिच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. वात कागदात बांधून घेऊन गेले. तेव्हा घरात माग असेल तर आधी कोरडा टूथब्रश, नंतर अल्कोहोल.

प्रश्न : माझा बारा वर्षांचा मुलगा हातभरही नसलेल्या एका संगणकावर शेकडो जुने गेम खेळतो. मग माझ्या कपाटातले नऊ सेट कशासाठी ठेवायचे, असं बायको विचारते.

उत्तर : नुसतं खेळायचं असेल तर मुलाचा तो संगणकाचा डबा पुरे, वाद नको. माझ्या दुकानात दोन्ही आहेत. रविवारी पोरं येतात ती आधी डब्याकडं जातात, यादी खाली-वर सरकवतात, दोन मिनिटांत गेम बदलतात. जुन्या सेटवर कॅसेट एकच लावलेली असते, म्हणून तीच खेळतात. रिमोटची वायर आखूड, त्यामुळं खांद्याला खांदा लावून बसावं लागतं, भांडणंही तिथंच होतात. मला हे आवडतं. तुमच्या बायकोला पटेलच असं नाही.

नऊ मात्र जास्तच झाले. चालणारे दोन ठेवा, एक सुट्या भागांसाठी राखा, बाकीचे ज्याला खेळायचे आहेत त्याला देऊन टाका. माझ्याकडं पाठवू नका. दिवाळीची साफसफाई करताना आमच्या हिनं मोजले, सतरा निघाले, आणि अठरावा घरात येणार नाही असं ठरलंय.