एसएचए-५१२ हॅश बेस६४ मध्ये काढल्यावर दोन ओळींत का येतो, आणि तो एका ओळीत कसा मिळवावा?

आपण विचारले आहे की एसएचए-२५६ चा हॅश (मजकुरापासून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) एका ओळीत येत असताना एसएचए-५१२ चा मात्र मध्येच का तुटतो. हा दोष हॅशचा नाही, बेस६४ (कच्चे बाइट छापता येणाऱ्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करणाऱ्या कमांडचा ठरलेला स्वभाव आहे. लिनक्सवरील जीएनयूची बेस६४ कमांड दर ७६ अक्षरांनंतर ओळ मोडते, तर ओपनएसएसएल हे कूटलेखनाचे साधन ६४ अक्षरांनंतर मोडते. एसएचए-२५६ चे ३२ बाइट ४४ अक्षरांत बसतात आणि एसएचए-३८४ चे ४८ बाइट नेमक्या ६४ अक्षरांत, म्हणून तिथवर काहीच जाणवत नाही. एसएचए-५१२ ला ८८ अक्षरे लागतात आणि उरलेली १२ किंवा २४ अक्षरे खालच्या ओळीवर जातात.

उपाय सोपा आहे. जीएनयूच्या कमांडला डब्ल्यू हा पर्याय देऊन त्याची किंमत शून्य ठेवावी, आणि ओपनएसएसएलच्या बेस६४ ला कॅपिटल ए हा पर्याय द्यावा. दोन्हींत शेवटची नवी ओळही छापली जात नाही, त्यामुळे टर्मिनलवर प्रॉम्प्ट हॅशला चिकटलेला दिसला तर घाबरू नये. स्क्रिप्ट वेगवेगळ्या यंत्रणांवर चालवायची असेल, तर आउटपुट टीआर या अक्षरे बदलणाऱ्या वा गाळणाऱ्या कमांडमधून नेऊन सगळ्या नव्या ओळी गाळणे मला अधिक भरवशाचे वाटते. डॉलर आणि कंसाची रचना वापरून मूल्य चलात घेतले की शेवटच्या नव्या ओळी आपोआप गळतात, पण मधली तशीच राहते. माझ्या एका स्क्रिप्टमध्ये एसएचए-५१२ वर गेल्यावर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये फक्त पहिली ओळ वाचली जाऊ लागली, ती याच मधल्या ओळीमुळे.

आपले आउटपुट दोन नव्हे तर तीन ओळींत येत असेल, तर मात्र चूक निराळी आहे. बहुधा आपण एसएचए५१२सम या कमांडचे आउटपुट बेस६४ ला दिले आहे, आणि ती कच्च्या बाइटऐवजी हेक्स (सोळाच्या पायावरील) अक्षरे छापते. ती १२८ अक्षरे, दोन रिकाम्या जागा, फाइलनावाच्या जागचे उणे चिन्ह आणि नवी ओळ मिळून १३२ बाइट होतात, म्हणजे बेस६४ ची १७६ अक्षरे. अशा वेळी ओळी जोडून उपयोग नाही, कारण मूल्यच चुकीचे आहे. ओपनएसएसएलच्या डीजीएसटी या हॅश काढणाऱ्या उपकमांडला बायनरी पर्याय देऊन कच्चे ६४ बाइट पुढे पाठवावेत. योग्य उत्तर ८८ अक्षरांचे असते आणि दोन बरोबर-चिन्हांनी संपते.

इनपुटची नवी ओळही तपासावी, ही माझी आग्रहाची विनंती आहे. एको कमांड मजकुरामागे नवी ओळ जोडते, तीही हॅशमध्ये मोजली जाते आणि सगळा हॅश बदलतो. म्हणून तिथे प्रिंटएफ वापरावे.