पंच मारल्यानंतरची फेरी

प्रश्न : मी भिवंडीतल्या एका पार्सल कंपनीत डिलिव्हरी व्हॅनवर कायम चालक आहे. आम्ही साठेक चालक आहोत. आमची नोंदणीकृत युनियन आहे आणि मी तिचा सहचिटणीस आहे. शिफ्ट सकाळी आठ ते पाच, मधे तासाची सुट्टी. काही महिन्यांपासून पाच वाजता सुटल्याचा पंच (हजेरी यंत्रातली नोंद) मारायला लावतात आणि मग सुपरवायझर सांगतो, ‘एवढी एक फेरी मारून जा.’ परत येऊन रिटर्न माल उतरवायचा, कॅशचा हिशेब द्यायचा, यात नऊ वाजतात. ओव्हरटाइम नाही, फेरीमागे किरकोळ भत्ता मिळतो. मी नकार दिला तर मेमो दिला आणि लांबच्या डेपोत बदली करू असं सांगितलं. युनियनमधले काही जण म्हणतात, सोमवारपासून कुणीच जादा फेरी करायची नाही. असं करता येईल का?

उत्तर : तुम्ही दिलेला नकार बेकायदा नाही, हे आधी सांगतो. पण सोमवारचा बेत आहे तसा अमलात आणू नका. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तुमच्या प्रकरणाचा निकाल त्या फरकावर अवलंबून आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार कायदे, लागू झाल्या. मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक आस्थापनेला ती लागू होते, म्हणजे तुम्हाला लागू आहेच. दिवसाचे आठ तास ही मर्यादा कायम आहे. त्यापुढच्या कामाला दुप्पट दरानं वेतन द्यावं लागतं. हा दुपटीचा हक्क 1961 च्या कायद्यातही होता, त्यामुळे संहितेच्या आधीच्या महिन्यांचे पैसेही बुडालेले नाहीत. फेरीमागचा भत्ता म्हणजे ओव्हरटाइम नव्हे, कंपनीनं त्याला काहीही नाव दिलं तरी.

त्याच संहितेच्या कलम 27 मध्ये तुमच्या कामाचं वाक्य आहे : कामगाराची संमती असेल तरच त्याच्याकडून जादा काम घेता येईल. कंपनी कदाचित तुमचं नेमणूकपत्र पुढे करेल. ‘गरजेनुसार जादा काम करावे लागेल’ अशी ओळ बहुतेक नेमणूकपत्रांत असते. माझ्या मते अशी सरसकट ओळ म्हणजे रोजच्या फेरीला दिलेली संमती होत नाही, कारण कलमाला अपेक्षित असलेली संमती त्या जादा कामापुरती आहे. तरीही वाद उरायला नको, म्हणून प्रत्येक चालकानं सही करून एक साधं पत्र द्यावं : ‘शिफ्टनंतरच्या कामास माझी संमती नाही. पूर्वी दिली आहे असे मानले जात असल्यास ती मी मागे घेत आहे.’ पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा.

एक पथ्य मात्र पाळा. शिफ्टमध्येच निघालेली गाडी वाटेत असताना पाच वाजले, तर माल रस्त्यात सोडून उतरू नका. गाडी गोडाऊनला आणा, ट्रिपशीटवर खरी वेळ लिहा आणि त्या वेळेचे दुप्पट पैसे मागा. माल वाऱ्यावर सोडला असा आरोप चिकटला, की मूळ मुद्दा बाजूला पडतो.

आता पंचबद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे. वाहतूक कामगारांच्या बाबतीत गाडी चालवण्याच्या वेळेइतकंच गाडीशी आणि मालाशी जोडलेलं कामही कामाचे तास म्हणून मोजलं जातं. माल चढवणं-उतरवणं, हिशेब, रोख जमा करणं, रजिस्टरवर सह्या, गाडी ताब्यात घेणं आणि जागेवर लावणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे तुमचा दिवस पाचला संपतच नाही, तो नऊला संपतो. पण कागदावर तुम्ही पाचलाच घरी गेलेले असता. उद्या रात्री आठ वाजता अपघात झाला, तर तुम्ही कामावर होता हे सिद्ध करण्याची धडपड तुमच्या घरच्यांना करावी लागेल, तीही दवाखान्याच्या दारात उभं राहून. बारा-तेरा तास जागून थकलेल्या चालकासमोर रस्त्यावरची माणसंही असतात. म्हणून काम चालू असताना पंच मारायला सांगितलं तर तो आदेश लेखी मागा. देणार नाहीत. मग त्याच दिवशी युनियनच्या लेटरहेडवर तो प्रकार तारीख-वेळेसह कळवा.

पुरावा तुमच्याजवळ आहेच. डिलिव्हरीच्या ओटीपीची वेळ, फास्टॅगची नोंद, गोडाऊनच्या गेटचं रजिस्टर, सुपरवायझरचे मेसेज. यांचे स्क्रीनशॉट आणि छायाप्रती आजपासून जमवा. वेतन संहितेखालच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे आणि तुमची नोंदणीकृत युनियन तुमच्या वतीनं तो दाखल करू शकते. एकट्या चालकाला मालकासमोर उभं राहायची भीती वाटते, ती इथे कमी होते. दावा सिद्ध झाला तर त्यावर निर्णय देणारा प्राधिकारी मूळ रकमेशिवाय तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देऊ शकतो. आणि कमी वेतनाच्या दाव्यात पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.

आता सोमवार. औद्योगिक संबंध संहितेत संपाची व्याख्या रुंद आहे. आपसांत ठरवून काम नाकारणंही तिच्यात बसवता येतं. जे काम संमतीशिवाय घेताच येत नाही, ते नाकारणं म्हणजे संप नव्हे, असं मी न्यायालयात ठामपणे मांडेन. पण साठ चालक एके दिवशी, कोणतीही लेखी मागणी नसताना, ‘युनियनचा आदेश’ म्हणून थांबले, तर कंपनी त्याला बेकायदा संप म्हणेल. बेकायदा संपाला 1,000 ते 10,000 रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. घर चालवणाऱ्या माणसाला त्या वादात ढकलू नका. वैयक्तिक असंमतीची पत्रं आधी जाऊ देत.

युनियननं त्याच वेळी मागणीपत्र द्यावं. रोजची जादा फेरी हा कामाच्या तासांतला बदल आहे. असा बदल करायचा तर औद्योगिक संबंध संहितेच्या कलम 40 प्रमाणे मालकानं आधी नोटीस द्यायची आणि 21 दिवस थांबायचं असतं. तुम्हाला ती मिळालेली नाही. तुमच्याकडे 51 टक्के किंवा जास्त चालकांचं सभासदत्व असेल, तर एकमेव वाटाघाटी संघटना, म्हणजे कामगारांच्या वतीनं कंपनीशी बोलणी करणारी संघटना, म्हणून मान्यता मागा. कंपनी बोलायला तयार नसेल तर समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे मालक-कामगार वादात तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जा. संपाची वेळ आलीच तर 14 दिवसांची नोटीस द्यावी लागेल, आणि समेटाची कार्यवाही चालू असताना संप करता येणार नाही.

बदलीची धमकी कुणी, कधी, कुणासमोर दिली ते लिहून ठेवा. युनियनचं काम केलं म्हणून शिक्षा करणं आणि धोरणाच्या नावाखाली आकसानं बदली करणं, दोन्ही कायद्यानं मनाई केलेल्या अनुचित कामगार प्रथांच्या यादीत आहेत. पदाधिकाऱ्यांना ‘संरक्षित कामगार’ म्हणून मान्यता द्यावी, असं पत्र युनियननं लगेच द्यावं. वाद प्रलंबित असताना अशा कामगाराला पूर्वपरवानगीशिवाय काढता येत नाही.

मेमोचं उत्तर मुदतीच्या आत द्या, चार-पाच ओळींत : शिफ्ट पाचला संपली, पंच मारलेला होता, पुढच्या कामाला माझी संमती नव्हती, ओव्हरटाइम देऊ केलेला नव्हता. रागाचा एकही शब्द नको आणि माफीही नको. कंपनीनं पुढचं पाऊल उचललं, तर या उत्तराची प्रत, मेमो आणि ट्रिपशीट घेऊन युनियनच्या वकिलांसह ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात जा.