घरगुती रोबोटिक लॉन मोवरला एकच लांब ब्लेड लावलं तर चालेल का?

तुम्ही विचारलंय की १२ व्होल्टची मोटर आहे, तिच्या शाफ्टवर हॅक्सॉचं जुनं पातं घासून ३० सेमीचं एकच ब्लेड लावलं तर चालेल का. नका लावू. ते पातं कडक असतं पण ठिसूळ, दगडावर आपटलं की तुटतं आणि तुकडा कुठे जाईल याचा नेम नाही. कागद कापायच्या कटरची पाती तर मुळात रेघेवर तुटावीत म्हणूनच बनवलेली असतात, तीही नकोत.

मी पहिल्यांदा ३ मिमीची लोखंडी पट्टी घेतली होती, दोन्ही टोकांना धार लावून थेट मोटरला आवळली. दोन दिवस मस्त चाललं, तिसऱ्या दिवशी हरळीत लपलेला दगड लागला, शाफ्ट वाकला आणि खडा उडून गेटच्या पत्र्यावर असा वाजला की समोरच्या काकू फटाका समजून बाहेर आल्या. मोटर घेऊन आमच्या लेथवाल्या मामांकडे गेलो, त्यांनी पट्टी उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "कशाला आवळलासा एवढं? लोंबू दे की त्याला."

अख्खी मेख तिथेच आहे. कंपन्यांच्या रोबोटिक मोवरमध्ये बघा, बहुतेक ठिकाणी एक गोल डिस्क आणि तिच्या कडेला तीन छोटी पाती, प्रत्येक एका बोल्टवर मोकळी फिरणारी. डिस्क फिरली की पाती आपोआप बाहेर ताणली जातात, दगड लागला की मागे दुमडतात, धक्का शाफ्टपर्यंत फारसा पोचत नाही. माझी डिस्क १७ सेमीची, पात्यांच्या टोकापर्यंत मोजलं तर २२ सेमी, आणि २४०० आरपीएमला टोकाचा वेग सेकंदाला २७-२८ मीटर येतो, म्हणजे ताशी १०० किमी! पातं जेमतेम ३ ग्रॅमचं, पण या वेगाला ते पावणेदोन किलोच्या जोराने बाहेर ओढलं जातं, गवताला तेवढं पुष्कळ झालं. रोबोट रोज थोडं थोडं कापतो, त्यामुळे पेट्रोलवाल्या मशिनसारखी ताकद लागतच नाही, माझी मोटर कोरड्या गवतात २ ते ३ अँपिअरच घेते.

पाती घरी बनवत बसू नका, भोक पाडलेली तयार मिळतात ऑनलाइन. बोल्ट मात्र नीट निवडा, पात्याच्या भोकातून बुश (बोल्टवर बसणारी छोटी नळी) गेला पाहिजे आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा नट) बुशवर आवळला गेला पाहिजे, पात्यावर नाही. डिस्क उभी धरून हळू फिरवा, तिन्ही पाती आपल्या वजनाने खाली लोंबली तर बरोबर, एखादं अडकून राहिलं तर खोला परत. दुमडलेलं पातं मधल्या हबला (डिस्क मोटरच्या शाफ्टला जोडणारा तुकडा) किंवा शेजारच्या बोल्टला लागत नाही ना तेही हाताने बघून घ्या, मी हे विसरलो होतो आणि नवीन हब लेथवर पुन्हा टर्न करून घ्यावा लागला.

हबचं भोक आणि डिस्क टेकते तो फेस (सपाट बाजू) लेथवर एकाच सेटिंगमध्ये, मधे हब न काढता, करून घ्या, नाहीतर डिस्क डोलते. डिस्क ३ मिमी अ‍ॅल्युमिनियमची पुरते. थ्रीडी प्रिंटवाली पीएलए प्लास्टिकची डिस्क अजिबात नको, ६० अंशांच्या आसपास ते प्लास्टिक मऊ पडतं आणि एप्रिलच्या उन्हात काळ्या डब्याखाली तेवढं तापायला वेळ लागत नाही. पाती बदलताना तिन्ही एकदम बदला, आणि आधी छोट्या डिजिटल काट्यावर तोलून घ्या. एक पातं जरी हलकं असलं तरी मशीन नुसतं थरथरतं आणि बेअरिंग जातं.

पावसाळ्यात वेगळीच तऱ्हा. ओलं गवत डिस्कखाली थापून बसतं, मोटर हुंदके देते. डिस्क पुढच्या बाजूला दोन-तीन अंश खाली झुकवली तर मागची कड कापलेल्या गवतावर घासत नाही, बराच फरक पडतो. शिवाय करंट सेन्सर लावून ६ अँपिअरच्या वर अर्धा सेकंद गेला की मोटर बंद, असं कोडमध्ये टाकलंय. खरं सांगायचं तर धो धो पावसात मी चालवतच नाही.

आता ब्रेक, हे टाळू नका. मोटरची पॉवर काढली तरी डिस्क फिरत राहते. साधा चेंजओव्हर रिले (विजेवर चालणारा दोन बाजूंचा स्विच) घ्या, कॉमन टोक मोटरच्या प्लसला, एनओ (रिले चालू असताना जोडलं जाणारं टोक) बॅटरीच्या प्लसला, आणि एनसी (रिले सुटल्यावर जोडलं जाणारं टोक) एका जाड रेझिस्टरमधून मोटरच्या मायनसला. रिले सुटला की मोटर स्वतःच जनरेटर होऊन थांबते (ब्रशलेस असेल तर हे नाही चालणार, तिथे कंट्रोलरचा ब्रेक वापरा). मशीन उचललं किंवा कललं तर रिले सुटलाच पाहिजे, आणि रिलेची वायर थेट हे ओळखणाऱ्या स्विचमधून न्या, फक्त आर्डुइनोच्या (कोड चालवणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) भरवशावर राहू नका. पात्यांची टोकं बाहेरच्या कव्हरच्या कडेपासून भरपूर आत ठेवा, लहान मुलाचा पाय खालून पोचेल का असा विचार करून अंतर ठरवा.

आणि रात्री लावून झोपू नका, आमच्याकडे लॉनवर बेडूक येतात. पहिली ट्रायल पाती न लावता घ्या, मग पाती लावून मशीन लाकडी खोक्याखाली ठेवून, गॉगल घालून, लांबून चालू करा. बॅटरी काढल्याशिवाय मशीन उलटं करायचं नाही, मी एकदा केलं होतं, अंगठ्यावर चार टाके आहेत.