कायद्याचा ‘बचाव’ की कायदा ‘टिकवणं’?

रावेरहून एका ताईंचा प्रश्न आलाय, स्पर्धा परीक्षेची तयारी करताहेत त्या. पेपरात त्यांनी वाचलं की महाधिवक्त्यांनी (म्हणजे राज्याच्या अ‍ॅडव्होकेट जनरलनी) हायकोर्टात राज्याच्या कायद्याचा बचाव केला, आणि ते त्यांना खटकलं, की बचाव तर आरोपीचा करतात ना, मग कायदा काय आरोपी आहे का? आणि दुसरं असं की महाधिवक्ता म्हणजे फक्त मोठा सरकारी वकील का?

ताई, खटकलं ते बरोबरच खटकलं. कोर्टाच्या मराठीत ‘बचाव पक्ष’ म्हटलं की आरोपीची बाजू, हे इतकं पक्कं बसलंय की बचाव शब्द आला की डोळ्यांसमोर पिंजराच उभा राहतो. आता कोणी म्हणेल की आरोपीला गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष धरतात तसं कायद्यालाही कोर्ट आधी वैधच धरतं, घटनाबाह्य आहे हे दाखवायची जबाबदारी आव्हान देणाऱ्यावर असते, मग बचाव म्हटलं तर बिघडलं कुठं? तेवढं साम्य आहे, मान्य. पण आपल्याकडे ‘बचावणं’ म्हणजे थोडक्यात वाचणं. ट्रक उलटला, ड्रायव्हर बचावला, असंच आपण म्हणतो. कायदा बचावला म्हटलं की तो जेमतेम निसटला असं वाटायला लागतं.

आणि यासाठी आपल्याकडे सोन्यासारखा शब्द आहे, रोजच्या वापरातला, तो म्हणजे टिकणं. मराठा आरक्षणाच्या वेळी गावोगाव एकच प्रश्न होता ना, आरक्षण कोर्टात टिकेल का? टिकणारं आरक्षण द्या, हे पारावरचा माणूसही म्हणत होता, कोणी वैधता नि समर्थन असले शब्द शोधत बसलं नाही. २०१८ चा कायदा जून २०१९ मध्ये हायकोर्टात टिकला, म्हणजे टक्के कमी करून टिकला, १६ चे शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ झाले, आणि ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टात टिकला नाही. डान्सबार बंदीचं तसंच, २००५ ला कायदा दुरुस्त केला, २००६ ला हायकोर्टात टिकला नाही, २०१३ ला सुप्रीम कोर्टातही नाही. या शब्दात एक गोष्ट आपोआप येते, की टिकणं हे त्या वस्तूच्या अंगचं असतं. रावेर-यावलकडचा केळीवाला घडावर हात फिरवून म्हणतो ना, हा माल दिल्लीपर्यंत टिकेल, हा नाही टिकणार, मग ट्रकमध्ये कितीही पाला भरा. वकिलाचंही तसंच आहे, तो जीव तोडून युक्तिवाद करेल, पण कायद्यातच दम नसेल तर तो टिकत नाही. म्हणून मी तर लिहीन की ‘महाधिवक्ता कायदा टिकवण्यासाठी उभे राहिले’. आणि फार बोलीतलं वाटत असेल तर सरळ ‘कायद्याची बाजू मांडली’, यात काहीच चूक नाही.

आता सरकारी वकील. याचा घोळ मी घरातच पाहिलाय. माझ्या मोठ्या काकांची दोन एकर जमीन पाटचारीत गेली, वाढीव मोबदल्याचा दावा होता, तारखेला मी सोबत गेलो होतो. समोर काळा कोट घालून एक जण फाईल चाळत उभे होते, कोणीतरी सांगितलं हे सरकारी वकील, तर काकांचा चेहराच खुलला, मला अहिराणीत म्हणे, “हाऊ सरकारी वकील शे ना, मंग तो आपलाच ना?” त्यांचा तरी काय दोष, आपल्या जळगावचे उज्ज्वल निकम आपण वर्षानुवर्षं टीव्हीवर पाहिले, बॉम्बस्फोटाचा खटला, कसाबचा खटला, त्यामुळे सरकारी वकील म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूचा, हेच मनात बसलंय. फौजदारीत ते खरंय. पण भूसंपादनात तोच शब्द आपल्या समोरच्या बाजूच्या वकिलाला लागतो, आणि औरंगाबाद खंडपीठात (आपले जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही तिकडेच जातात) एखाद्या कायद्याविरुद्ध रिट याचिका असली तर कायद्याच्या पाठीशी उभा असतो तोही सरकारी वकीलच. काहींना तर वाटतं सरकारी वकील म्हणजे सरकारनं गरिबाला फुकट दिलेला वकील, पण तो विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतो, ते खातंच वेगळं. आमच्या वकिलांनी काकांना हे समजावलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मंग सरकारना वकील शे आसं सांग ना भो.” ‘सरकारना’मधल्या त्या अहिराणी ‘ना’नं, म्हणजे आपल्या ‘चा’नं, सगळा घोळ मिटवला. सरकारी म्हटलं की सरकारी दवाखान्यासारखं सगळ्यांचं वाटतं, सरकारचा म्हटलं की कोणाचा ते कळतं. वकील शब्दाचं मूळही तेच सांगतं, अरबीतून आलेला शब्द, दुसऱ्याच्या वतीनं बोलणारा, पेशवाईत तर दुसऱ्या दरबारात पाठवलेल्या दूताला वकील म्हणत.

महाधिवक्ता मात्र नुसता मोठा सरकारी वकील नाही. ते घटनेतलं पद आहे, अनुच्छेद १६५, नेमणूक राज्यपाल करतात, हायकोर्टाचा जज व्हायची पात्रता लागते. अनुच्छेद १७७ प्रमाणे ते विधानसभेत नि विधान परिषदेत बोलू शकतात, मत मात्र देता येत नाही, त्यामुळे नावातला ‘वक्ता’ तिथंही खरा ठरतो. केंद्राच्या अशाच पदाला (अ‍ॅटर्नी जनरल) महान्यायवादी म्हणतात, अनुच्छेद ७६, आणि हा शब्द मला कधी पटला नाही, कारण कोर्टात वादी म्हणजे दावा लावणारा, आणि हे तर बहुतेक वेळा उत्तर द्यायला उभे असतात. परीक्षेत मात्र तोच लिहा. घटनेचे जाणकार वकील एच. एम. सीरवाई महाराष्ट्राचे महाधिवक्ता असतानाच केशवानंद भारती खटल्यात (संसद घटना किती बदलू शकते, याचा सुप्रीम कोर्टातला गाजलेला खटला) केरळकडून उभे राहिले, आणि त्याबद्दल मराठीत लिहिताना सहज येतं ते असं, की ‘सीरवाईंनी केरळची बाजू मांडली’. तिथं बचाव घालून बघा, लगेच कानाला लागेल.