१२ व्होल्टला घरातला प्लग नको

प्रश्न : आमचा गट जूनमध्ये शाळकरी मुलांना घेऊन भंडारदऱ्याला काजवे बघायला मुक्कामी जातो. १२ व्होल्टच्या बॅटरीपासून तंबू १५ मीटरवर असतात. २४ वॉटच्या एलईडी पट्ट्या घरातल्या साध्या दोन पिनांच्या प्लगने जोडतो. प्लग तापतो, पट्ट्याही मंद पेटतात. मोठी बॅटरी घ्यावी का? आणि मुलांना हेडटॉर्च कोणती द्यावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बॅटरी आहे तीच राहू द्या. तो प्लग मात्र आजच कापून टाका. मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवते, आणि १२ व्होल्टच्या सामानाला घरातला प्लग दिसला की मला धडकी भरते. सहलीहून आलेलं सामान घरात पडलेलं असतं. एखादं मूल पट्टी लागते का बघायला प्लग सरळ बोर्डात खुपसतं. २३० व्होल्टला पट्टी तर जळेलच, पण तिच्यावरच्या उघड्या तांब्याला हात लागला तर जीव जाऊ शकतो. शिवाय हा प्लग उलटाही बसतो, म्हणजे प्लस-मायनसचा भरवसा नाही.

त्याऐवजी एक्सटी६० कनेक्टर, म्हणजे बॅटरीच्या तारा जोडायचा दोन भागांचा जोड, लावा. तो उलटा बसत नाही. बॅटरीकडे कायम फिमेल, म्हणजे भोकांची बाजू. उघड्या पिना बॅटरीकडे असतील तर सॅकमध्ये किल्ली टेकली तरी शॉर्ट होतं. सोल्डर करताना बॅटरी सोडवलेली असू द्या आणि कनेक्टरचे दोन्ही भाग एकमेकांत बसवून ठेवा, नाहीतर प्लास्टिक मऊ पडून पिना तिरक्या होतात. वर हीट-श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, चढवा. आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात ५ अँपियरचा फ्यूज हवाच. वायर कुठेही चेपली गेली तरी आग लागण्याआधी तो उडतो.

आता तापण्याचं. २४ वॉट म्हणजे १२ व्होल्टला २ अँपियर. एवढ्याने प्लग तापत नाही. स्क्रूखाली तारा सैल आहेत. स्विचला किंवा इतर कुठे स्क्रू असेल तिथे तारेच्या टोकाला पिन लग, म्हणजे धातूची छोटी पिन, क्रिंपिंग टूलने दाबून लावा, पकडीने नको, आणि मग जोरात ओढून बघा. टोकाला सोल्डर पाजून स्क्रूखाली घालू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि स्क्रू पुन्हा ढिला होतो.

मंद उजेडाचा दोष बहुधा वायरचा. जाऊन-येऊन ३० मीटर होतात. ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत दीड-दोन व्होल्ट वाटेतच जातात. १.५ ची घेतलीत तर पाऊण व्होल्टही जात नाही.

पट्टीचा रंग पिवळसर, ३००० केल्विनच्या आसपासचा घ्या. पांढऱ्या निळसर उजेडावर किडे जास्त येतात. काजवे बघताना मात्र पट्ट्या बंदच. नर लुकलुकून मादीला खुणावतो, आणि आपल्या झगझगाटात ती खूण हरवते. त्यांच्या प्रौढ आयुष्याचे दिवस थोडेच असतात.

हेडटॉर्च १०० ते २०० ल्युमेन उजेडाची पुरे. जूनचा पाऊस आहे, तेव्हा पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचावाचा दर्जा निदान आयपीएक्स४ बघा. काजव्यांजवळ वापरायला लाल दिवा हवा, आणि तो पांढऱ्यातून न जाता थेट लागतो का, हे दुकानातच बटण दाबून तपासा. काही टॉर्चमध्ये लालपर्यंत पोचायला आधी पूर्ण पांढरा झोत पडतो. तशी घेऊ नका.